दोघांसाठी पंखा

बोहुमीर काल्वोदा डेअरीचा टँकर चालवायचा. पहाटे तीनला निघायचं, हाना भागातल्या चौदा गावांचं दूध घ्यायचं, अकराच्या आत ते ओलोमोउत्सच्या डेअरीत रिकामं करायचं आणि घरी येऊन जेवलं की कोठारात शिरायचं. कोठारात विमान होतं. नऊ वर्षं होतं. लिपोव्हा गावातल्या ज्या पोरांनी त्याच्या लाकडी फासळ्या पहिल्यांदा बघितल्या, ती शिकून-सवरून गाव सोडून गेली, तरी ते कोठारातच होतं.

माझा त्याच्याशी संबंध आला तो तपासनीस म्हणून. आठवडाभर मी तंत्रशाळेत शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांनी घरी बांधलेली विमानं तपासायला हिंडायचो. उडायची परवानगी हवी असेल तर विमान आधी माझ्यासारख्या कुणीतरी मोजून, ठोकून, हलवून बघावं लागतं. सगळे मला इंजिनिअरसाहेब म्हणायचे. बोहुमीरही म्हणायचा, आणि पुढे बोलणं तुटलं तेव्हाही त्याने ते बदललं नाही.

विमान दोन माणसांचं होतं, शेजारी शेजारी बसायचं. सांगाडा लाकडाचा, त्यावर कापड ताणून शिवलेलं. ती शिवण मी आधी बघितली. पंखाचं कापड फासळीला शिवायचं तर पंख उभा धरून दोन बाजूंना दोन माणसं लागतात. एकाने लांब सुई आरपार ढकलायची, दुसऱ्याने ओढून गाठ मारून परत पाठवायची. एका बाजूला बोहुमीर आणि दुसऱ्या बाजूला त्याची बायको वेंडुला, असे ते दोन हिवाळे उभे राहिले होते. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. गाठी तिच्या होत्या. दोनशे गाठी मी नखाने ओढून बघितल्या, एकही हलली नाही. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, "तीनशे पोरांचं जेवण बांधून देते मी रोज. गाठ सुटून कशी चालेल?"

दोन हजार एकच्या ईस्टरला आम्ही विमानाचं वजन केलं. सहकारी सोसायटीतून बटाटे तोलायचे तीन काटे आणले आणि एकेका चाकाखाली एकेक ठेवला. दोनशे एक्याण्णव किलो भरलं. आराखड्यात लिहिलं होतं दोनशे अठ्ठेचाळीस. घरी बांधणाऱ्यांचं हे नेहमीचंच दुखणं. इथे जरा जाड लाकूड, तिथे एक जादा पट्टी, मोडू नये म्हणून, आणि बघता बघता एक माणूस जादा बसतो. उडताना साडेचारशेच्या वर जायचं नाही हा नियम. मी वहीत बेरीज मांडली. विमान, थोडं पेट्रोल, बोहुमीर चौऱ्याऐंशी.

"माझंही लिहा," म्हणत वेंडुला बटाट्याच्या काट्यावर चढली. अठ्ठ्याहत्तर. ती हसली आणि उतरली. बेरीज अठरा किलोंनी जास्त येत होती.

बोहुमीरने वही उलटी करून पुन्हा पुन्हा वाचली. मग म्हणाला की हा प्रश्न नाकावरच्या पंख्याचा आहे, चांगला पंखा असला तर ओढेल. मी म्हणालो की पंखा ओढतो हे खरं, पण नियम वजनाला आहे, आणि इंजिनही पासष्ट घोड्यांच्या ताकदीचंच आहे. तो ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात पंखा बसला होता. नऊ वर्षं त्याने जे जे अडलं ते ते दुसरा एखादा भाग शोधून सोडवलं होतं. शोधायचा राहिलेला हा एकच भाग होता.

पहिला पंखा त्याने कुणाकडून तरी जुना आणला. शेपटीला दोर बांधून आम्ही विमान अंगणातल्या पेअरच्या झाडाला जखडलं आणि दोर आणि झाड यांच्यामध्ये डुक्कर तोलायचा तबकडीचा काटा लावला. इंजिन पूर्ण सोडलं की विमान दोराला किती ओढ देतं ते काट्यावर दिसतं. एकशे बारा दिसलं. पात्यांना पीळ फार होता, इंजिनाला तो पंखा पुरता फिरवताच येईना. तरीही त्याने विमान जोडगाडीवर घालून उड्डाण क्लबाच्या मैदानावर नेलं आणि एकट्याने पळवून बघितलं. विमान कुंपणापर्यंत पळालं आणि थांबलं. चाकं गवतातून वर आलीच नाहीत.

त्या संध्याकाळी गावच्या खानावळीत मालक ओताने सगळ्यांसमोर सल्ला दिला. "बोहुमीर, इंजिन बदल नाहीतर बायको बदल. दोन्ही एकाच वयाची आहेत." लोक हसले. वेंडुलाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिने शाळेतल्या पोरांबरोबर ओताला निरोप पाठवला की मी वजन कमी करतेच आहे, तू तेवढं तुझ्या बिअरमधलं पाणी कमी कर.

दुसरा पंखा तीन पात्यांचा, धातूच्या बुडख्याचा, ज्याची पाती पाना लावून फिरवता येतात असा. तो क्लबातल्या एकाने महिनाभर वापरायला दिला. ओढ वाढली, पण पंखाच सहा किलोंनी जड होता आणि सगळं वजन नाकावर येत होतं. एका बाजूने मिळालेलं दुसऱ्या बाजूने गेलं. बोहुमीरने आठवडाभर पाती फिरवून बघितली आणि पंखा पुसून परत केला.

मग मीच त्याला सिरिल हुदेत्सकडे घेऊन गेलो. सिरिलने तीस वर्षं व्सेतीनजवळच्या कारखान्यात बर्फावर घसरायच्या पट्ट्या बनवल्या होत्या. कारखाना बंद पडल्यावर तो घरच्या शेडमध्ये बीच आणि अ‍ॅश लाकडाच्या फळ्या एकमेकींना चिकटवून पंखे कोरायचा. वेंडुलाही आली होती. ती दाराशी बाकावर बसली, मांडीवर घरून आणलेले कोलाचे, प्लम घातलेले गोड पाव. आम्ही तिघांनी ते खाल्ले.

सिरिलने इंजिनाचे आकडे विचारले, विमानाचे विचारले, आणि मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "जायचं कुठे तुम्हाला?"

बोहुमीर गोंधळला. "वर," तो म्हणाला.

"वर आणि लांब दोन्ही एका लाकडात मिळत नाही. टँकर चालवता ना तुम्ही? समजा त्याला एकच गिअर आहे आणि तो जन्मात बदलायचा नाही. कुठला घ्याल?"

"पहिला. चढ चढला पाहिजे."

"मग सपाटीला सायकलवाले पुढे निघून जातील."

"जाऊ देत. मला कुणाला गाठायचं नाही."

सिरिलने लिहून घेतलं. पात्यांना पीळ कमी, पाती लांब. मग त्याने विचारलं, एकट्यासाठी की दोघांसाठी. बोहुमीर म्हणाला, दोघांसाठी. सिरिलने माझ्याकडे बघितलं, कारण वजनं मी त्याला फोनवर सांगितली होती.

"एकट्यासाठी मी डोळे मिटून देतो," तो म्हणाला. "छान चालेल. दोघांचं म्हणाल तर मरेपर्यंत तासत बसलो तरी माझ्या हातून व्हायचं नाही. पंखा ओढतो हो. वजन खात नाही तो."

"वजनाचं मी बघते," वेंडुला बाकावरून म्हणाली.

ही मे महिन्याच्या सुरुवातीची गोष्ट. त्या दिवशी तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

त्यानंतर मी दर दोन-तीन आठवड्यांनी लिपोव्ह्याला जायचो, कधी ब्रेकच्या केबलींसाठी, कधी कागदपत्रांसाठी. प्रत्येक वेळी वेंडुला काट्यावर चढायची आणि मी आकडा वहीत लिहायचो. त्र्याहत्तर. एकोणसत्तर. चौसष्ट. तिचे ब्लाउज ढगळ झाले, तिने ते आत घेतले. गावातल्या बायका तिला विचारायच्या की बाई, काय सोडलंस? ती म्हणायची, डम्पलिंग सोडले, नवरा सोडता येत नाही म्हणून. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं कौतुक व्हायचं. माझ्या बायकोने माझ्याकडून तिचं खाण्याचं वेळापत्रक मागवलं. मी स्वतः, देवाशपथ सांगतो, दर वेळी आकडा लिहून खूश व्हायचो. वहीतली बेरीज पहिल्यांदाच जुळत चालली होती.

सिरिलचा पंखा जुलैत आला. एवढी सुंदर वस्तू मी कमी बघितली आहे. पात्यांच्या कडांना पितळेची पट्टी, फिकट आणि गडद लाकडाचे थर पाण्याच्या लाटांसारखे. पेअरच्या झाडाला बांधून ओढ घेतली तर एकशे एक्कावन्न. बोहुमीरने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ पंख्यावर हात ठेवून उभा राहिला. जुलैच्या शेवटच्या शनिवारी तो एकटा उडाला. अकरा मिनिटं. सावकाश, जड चढला, पण चढला. वेंडुलाने धावपट्टीच्या कडेला उभं राहून बघितलं, मधेच गवतात बसली, पुन्हा उठली.

नियम असा होता की नव्या विमानात वीस तास एकट्याने उडायचं, मग शेजारची खुर्ची वापरायची. बोहुमीरला घाई नव्हती. तो रविवारी रविवारी उडायचा आणि एकेका तासाची चव घ्यायचा. ऑगस्टअखेर पाच तास झाले होते. सव्वीस तारखेला वेंडुला काट्यावर चढली आणि काटा साडेएकोणसाठवर थांबला. साठच्या खाली. म्हणजे दोघं, विमान आणि पेट्रोल मिळून साडेचारशेच्या आत. बोहुमीरने तिला काट्यावरून उचललं आणि अंगणात गोल फिरवलं. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सोड, पोटात दुखतंय." तो हसत होता.

मला फाटकापर्यंत सोडायला ती आली. "साहेब, पंखा हाच राहू द्या," ती म्हणाली. "मी आता काही वाढणार नाही."

मीही हसलो. म्हणालो, ख्रिसमसला बघू.

सप्टेंबरमध्ये तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा तिला बोहुमीरला सांगावंच लागलं. स्वादुपिंडात गाठ होती. डॉक्टरांनी तिला जूनमध्येच सांगितलं होतं. कापून उपयोग होईलसं त्यांना वाटत नव्हतं, आणि तिने मग फार काही विचारलं नाही. जून, जुलै, ऑगस्ट ती शाळेत गेली, काट्यावर चढली, डम्पलिंगचा विनोद सांगत राहिली. वजन आपण होऊन उतरत होतं. त्या उतरण्याचा निदान तिच्या नवऱ्याला आनंद होत होता, तर ती त्याला तोच आनंद देत राहिली. यापलीकडे मला ते समजावून सांगता येत नाही.

बोहुमीर एका रविवारी दुपारी माझ्या घरी आला. बूट न काढता दारातच उभा राहिला. आम्ही जेवत होतो. त्याने मला वीस तास पूर्ण झाल्याचं लिहून द्यायला सांगितलं. झाले होते पाच.

मी त्याला बाहेर बाकावर बसवून समजावलं. पूर्ण वजन घेऊन ते विमान एकदाही उडालेलं नाही, लांब चढाईत इंजिन तापतंय, मैदानाच्या टोकाला रेल्वेच्या तारा आहेत. पंधरा तासांत ते सगळं कळेल, म्हणालो, वाळूच्या पिशव्या शेजारच्या खुर्चीत बांधून वजन हळूहळू वाढव.

"तिच्याजवळ पंधरा तास आहेत का ते सांगा," तो म्हणाला.

"बोहुमीर, तुम्ही दोघंही मराल."

"मग काय झालं?"

सही मी केली नाही. तो उठला आणि गेला.

त्यानंतर तो रोज उडाला. दूध ओतायचं, हॉस्पिटलात जायचं, आणि तिथून मैदानावर. वाळूच्या पिशव्या खरंच बांधल्या त्याने. क्लबातले लोक सांगायचे की उतरला की विमानातून खालीही येत नाही, पेट्रोल मागतो. ऑक्टोबरच्या दहा तारखेला साडेबारा तास झाले होते. मग धुकं बसलं. आमच्याकडे शरदात धुकं बसतं, त्यात नवीन काही नाही, पण ते तीन आठवडे उठलंच नाही. मैदानाच्या एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी दिसत नव्हती. तो रोज दुपारी गाडी घेऊन तिथे जायचा आणि काच खाली करून अंधार पडेपर्यंत बसून राहायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी वेंडुलाला घरी आणलं. मी गेलो. बायकोने कोंबडीचं सूप दिलं होतं. आणि खिशात वीस तासांचा तो कागद होता, खरं सांगायचं तर, आणि पेनही. दोन आठवडे मला झोप नव्हती. मी ठरवलं होतं की तिच्यासमोर सही करायची, धुकं उठेल त्या दिवशी जाऊ दे त्यांना, पुढचं पुढे.

ती स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर होती, हातांची नुसती काडी झालेली. बोहुमीर मैदानावर गेला होता. मी कागद काढला. तिने तो बघितला आणि ओळखला.

"नका करू सही," ती म्हणाली.

मी म्हणालो, त्याला किती हवंय ते तुम्हाला माहीत आहे.

"माहीत आहे ना. म्हणून तर. तुम्ही सही केलीत की तो मला उचलून त्या खुर्चीत बसवणार. तो पट्टा इथून पोटावरून जातो, साहेब. मला चादरसुद्धा सोसवत नाही." तिने श्वास घेतला. "आणि मला त्याला 'नाही' म्हणता यायचं नाही. तुम्ही म्हणा."

मी विचारलं, तुम्हाला कधी मनापासून उडायचं होतं का.

"आधी नव्हतं," ती म्हणाली. "मला शिडीवरसुद्धा गरगरतं. मग त्या गाठी मारल्या एवढ्या, तेव्हा वाटलं, जाऊन बघावं धरतात का." आणि मग, "त्याला यातलं काही सांगू नका. तुमच्यावर रागावू दे त्याला. कुणावर तरी रागवायला हवं ना त्याने."

मी कागद खिशात घातला. सूप तिने दोन चमचे घेतलं, माझ्यासाठी.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला ती गेली. तीन दिवसांनी दफनाच्या वेळी ऊन पडलं होतं, लख्ख, वारा अजिबात नाही. उडायला हवा तसा दिवस, सगळ्यांना तेच दिसत होतं. कबरस्तानाच्या फाटकाशी बोहुमीर एकेकाचा हात हातात घेत होता. माझ्यापाशी आला आणि पुढच्या माणसाचा हात घेतला.

एप्रिलमध्ये तो पुन्हा उडायला लागला. मला वाटलं, बरं झालं, आता यातून बाहेर येईल. पण त्याने फक्त उरलेले साडेसात तास पूर्ण केले, वाळूच्या पिशव्या शेजारी बांधून, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. मग नोंदवही घेऊन माझ्याकडे तंत्रशाळेत आला. मुलं वर्गात येत होती. त्याने वही टेबलावर उघडून ठेवली.

"वीस झाले, इंजिनिअरसाहेब. दोघांसाठी द्या."

मी प्रत्येक पान तपासलं. चूक काही नव्हती. पूर्ण वजनाला चढाई सेकंदाला दीड मीटरच्या आसपासच भरत होती, पण नियमात बसत होती. सिरिलच्या पंख्याने जमवलं होतं. मी सही केली, शिक्का मारला. त्याने शाई वाळेपर्यंत वाट बघितली, कागदाची घडी घातली आणि गेला. त्या दिवसानंतर विमान कोठारातून बाहेर आलं नाही.

पाच वर्षांनी नोंदणी कार्यालयाने मला कळवलं की हे विमान कधीचं तपासलेलं नाही, ते यादीतून काढायचं की कसं ते बघून या. मी गेलो. बोहुमीर निवृत्त झाला होता. कोठाराचं छप्पर एका कोपऱ्यात खचलं होतं आणि तिथून बर्फ, पाणी कितीतरी हिवाळे आत आलं असणार. डाव्या पंखाखालची फळी फुगून उकलली होती. पंखा जागेवरच होता, पण लाकडाचे थर टोकाशी सुटून एकमेकांपासून लांब गेले होते. तो पुन्हा कुणी लावला असता तर पहिल्याच मिनिटाला तुटला असता. मी तसं म्हणालो नाही. फॉर्म भरला. त्याने न वाचता सही केली.

मग त्याने कॉफी केली. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. सोफा काढून टाकलेला होता. डेअरी आता परदेशी लोकांनी घेतलीय, चौदा गावांतल्या दहा गावांत गायच उरली नाही, असं तो सांगत होता. मग कप हातात तसाच धरून त्याने विचारलं,

"तुम्ही त्या ऑक्टोबरात आला होतात घरी. सुपाचं भांडं ओळखलं होतं मी. ती काही म्हणाली होती का? विमानाबद्दल?"

त्याच्याकडे बघताना माझ्या मनात काय काय आलं ते मला आज सांगता येणार नाही. तो आता रागावलेला नव्हता. नुसता म्हातारा होता.

"नाही," मी म्हणालो. "झोपलेली होती."

त्याने मान हलवली आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.